पंप घेऊन दाखवा बघू: जुनाट श्वासविकाराच्या रुग्णांना इनहेलर शिकवताना

माझे आबा करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर तीस हंगाम चुलवाणापुढं बसले. चिपाड आत सारायचं, धूर अंगावर घ्यायचा, मधल्या वेळेत विडी. साठी ओलांडल्यावर जिना चढताना थांबायला लागले, मग अंघोळ करताना, मग बोलतानाही. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा जुनाट आजार, सांगितली आणि कॅप्सूलची डबी व एक प्लास्टिकचं यंत्र लिहून दिलं. मी तेव्हा नर्सिंग संपवून परगावी नुकतीच कामाला लागले होते. फोनवरच आबांना सांगितलं, "सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, त्या यंत्रातनं घ्यायची." दोन महिन्यांनी सुट्टीला गेले, तर आबा कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते आणि यंत्र वेष्टनासकट फडताळात पडलं होतं. "तूच गोळी म्हणलीस की," एवढंच ते म्हणाले.

ती चूक माझी होती. त्या दोन महिन्यांत छातीसाठी दिलेलं औषध त्यांच्या पोटात जात राहिलं आणि आम्ही सगळे "औषध लागू पडत नाही" म्हणत राहिलो. पुढं कोल्हापुरात छातीच्या ओपीडीत इनहेलर शिकवण्याच्या टेबलावर बसायला मिळालं, तेव्हापासून एक नियम पाळते: रुग्णानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या यंत्रातून, माझ्यासमोर औषध घेऊन दाखवल्याशिवाय त्याला शिकवलं असं मी लिहीत नाही.

हा लेख अशा टेबलावर नव्यानं बसणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी, मेडिकलच्या काउंटरवरच्या फार्मासिस्टसाठी, गावातल्या आशाताईंसाठी आणि घरात दम्याचं माणूस सांभाळणाऱ्या लेकी-सुनांसाठी आहे. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. ते औषध छातीपर्यंत पोचवणं मात्र आपल्या हातात असतं.

१. औषध जातं कुठं, हे आधी स्वतः समजून घ्या

इनहेलरच्या औषधाचे उपयोगी कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून मोठे कण घशात आपटतात आणि तिथंच बसतात. साध्या पंपातून, म्हणजे दाबल्यावर फवारा सोडणाऱ्या इनहेलरमधून, अगदी बरोबर पद्धतीनं घेतलं तरी डोसचा १० ते २० टक्क्यांच्या आसपासचा भागच फुफ्फुसात पोचतो. बाकीचं तोंडात आणि घशात राहतं. हा थोडा भागच पुरेल, अशा हिशेबानं डोस ठरवलेला असतो. पद्धत चुकली की तोही जात नाही.

चुकणारे रुग्ण थोडे असतील, असं नवीन माणसाला वाटतं. १९७५ ते २०१४ या काळातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पूर्ण बरोबर पद्धतीनं इनहेलर घेणारे साधारण तिघांत एक निघाले, आणि चाळीस वर्षांत हे प्रमाण सुधारलेलं नव्हतं. म्हणून समोरचा "मला येतंय की, चार वर्षं घेतोय" म्हणाला, तरी बघून घ्यायचंच.

रुग्णाच्या मनातली भीतीही आधी काढावी लागते. "पंपाची सवय लागती", "पंप म्हणजे शेवटचं औषध", "गोळीनं भागतंय तोवर गोळीच बरी" ही तीन वाक्यं तुम्हाला रोज ऐकू येतील. मी त्यांच्यापुढं आकडे मांडते. साल्ब्युटामॉल या धापेवरच्या औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम. "मामा, एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचं औषध हाय, आणि ते रक्तातनं सगळ्या अंगभर फिरतं. पंपाचं थोडंसं औषध सरळ दुखण्याच्या जागी जातं." गुळाच्या ढेपा मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो.

हात थरथरणं आणि छातीत धडधडणं याबद्दलही आधीच सांगून ठेवा. साल्ब्युटामॉलसारख्या औषधानंतर थोडा वेळ असं होऊ शकतं. आधी सांगितलेलं नसलं, तर "पंपानं हार्टला झटका बसतोय" म्हणून माणूस तो बंदच करतो. थरथर फार असेल किंवा आधीपासून हृदयविकार असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

२. टेबलावर आणि रुग्णाजवळ काय हवं

टेबलावर:
- सरावासाठी औषध नसलेले पंप आणि रिकाम्या कॅप्सूल
- रोटाहेलर, रिव्होलायझर (कॅप्सूलमधली पावडर ओढायची यंत्रं) आणि तुमच्या भागात लिहिली जाणारी बाकीची यंत्रं, प्रत्येकी एक
- स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं
- सेकंदकाटा असलेलं घड्याळ
- हातात धरता येईल एवढा आरसा
- न पुसणारा मार्कर, रंगीत दोरा
- चूळ भरायला पाणी आणि बेसिन किंवा बादली

रुग्णानं आणायचं:
- डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी आणि जुनी फाईल
- फुंकायच्या तपासणीचा, म्हणजे स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट असेल तर तो
- घरातले सगळे पंप, कॅप्सूल आणि यंत्रं, चालू असोत वा बंद
- घरी औषध देणारं माणूस

एक नियम कधीही मोडू नका. एकानं तोंडाला लावलेलं यंत्र दुसऱ्याच्या तोंडाला लागता कामा नये. आपल्याकडे छातीच्या रुग्णांत टीबीचे रुग्णही असतात, आणि टीबी बरा होऊन गेलेल्या पण फुफ्फुस खराब झालेल्या माणसांनाही इनहेलर दिले जातात. मी माझं यंत्र वापरून दाखवते, रुग्ण त्याचं वापरतो. त्याच्याकडे नसेल, तर मेडिकलमधून आणेपर्यंत थांबते.

३. पिशवी टेबलावर ओतायला लावा

शिकवायला सुरुवात करण्याआधी "घरी कसं घेता, ते दाखवा बघू" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. मध्ये टोकू नका, मान हलवू नका. नव्या माणसाला हे फार जड जातं, पण त्या दोन मिनिटांत जे दिसतं ते तासभर प्रश्न विचारून कळत नाही.

मी काय काय पाहिलंय, ते सांगते. राधानगरीकडच्या एक मावशी पंपाचं टोपण न काढताच दाबायच्या आणि "फुस्स आवाज येतोय की" म्हणायच्या. इचलकरंजीत यंत्रमागावर राबलेले एक काका फवारा तोंडात घेऊन गाल फुगवून धरायचे आणि मग गिळायचे. एक आजोबा कॅप्सूल यंत्रात घालून त्यात फुंकायचे, सगळी पावडर समोर उडायची. एकांच्या पिशवीत तीन पंप निघाले, तिन्ही एकाच औषधाचे. कंपनी वेगळी आणि नाव वेगळं, म्हणून ते तिन्ही घेत होते.

पिशवी ओतल्यावर दोन ढीग करा. पहिला ढीग धाप लागल्यावर घ्यायच्या औषधांचा, दुसरा बरं वाटत असलं तरी रोज घ्यायच्या औषधांचा. कशात काय आहे याची खात्री चिठ्ठीवरून करा, शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. रुग्णाला मी सांगते, "हा आगीचा बंब, आणि ही रोजची राखण. राखणदाराला घरी पाठवून नुसत्या बंबावर किती दिवस काढणार?" बहुतेक जण बंबच वापरत असतात, कारण त्यानं पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं.

रंगावर विसंबू नका. निळा पंप म्हणजे धापेचा, हे बऱ्याचदा खरं असलं तरी सगळ्या कंपन्या सारखे रंग वापरत नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या रोजच्या पंपाला मी लाल दोरा बांधते आणि त्याच दोऱ्याचा तुकडा त्यांच्या चिठ्ठीलाही बांधते.

४. हे यंत्र या माणसाला झेपणार का?

यंत्र डॉक्टर लिहितात, पण रुग्णाचे हात आणि श्वास जवळून बघायला वेळ तुमच्याकडे असतो. काय दिसलं ते चिठ्ठीच्या मागं लिहून परत पाठवा. त्यात संकोच करू नका.

- बोटं वाकडी झालेली, संधिवात असलेली आजी एका हातानं पंप दाबू शकत नाही. दोन्ही हातांनी धरून दाबायला लावा. तरी जमत नसेल तर दुसरं यंत्र लागेल.
- दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नसेल, तर पंपाला स्पेसर लावावा.
- कॅप्सूलच्या यंत्रातली पावडर रुग्णाच्या ओढण्याच्या जोरावरच उडते. हाडं दिसणारा, चार पावलांत धापणारा माणूस तेवढा जोर लावू शकत नसेल, तर कॅप्सूल अर्धी भरलेली राहते.
- विसरभोळ्या किंवा गोंधळलेल्या रुग्णाला स्पेसर द्यावा आणि औषध घरच्या माणसानं द्यावं.

पुष्कळ रुग्ण "मशीन लावा", म्हणजे नेब्युलायझर लावा, असा हट्ट धरतात. वाफ दिसते, आवाज होतो, म्हणून ते जास्त जोराचं औषध वाटतं. नीट घेतलेला पंप आणि स्पेसर बहुतेक वेळा त्याच्या बरोबरीनं काम करतो, आणि तो खिशात घालून एसटीनं गावाला नेता येतो.

५. पंप: हळू ओढायचा

पंप दिसायला सोपा असतो आणि त्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. हे यंत्र १९५६ साली बाजारात आलं. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं विचारलं होतं, की केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का मिळत नाही. तेव्हापासून आजतागायत अडचण एकच राहिली आहे: दाब देण्याची आणि श्वास ओढण्याची वेळ जुळली पाहिजे.

क्रम असा:

१) तोंड रिकामं करा. तंबाखूचा बार, मावा, मिश्री असेल तर थुंकून चूळ भरायची. कवळी घट्ट बसत असेल तर ती घालूनच पंप घ्यायचा, म्हणजे ओठ नीट मिटतात.
२) ताठ बसा किंवा उभे राहा. झोपून घेऊ नये.
३) टोपण काढा, आत कचरा नाही ना बघा. पंप चार-पाच वेळा चांगला हलवा.
४) पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर पहिले काही फवारे हवेत सोडावे लागतात. किती, ते त्याच्या माहितीपत्रकावर असतं.
५) तोंड बाजूला करून श्वास सावकाश पूर्ण सोडा.
६) पंपाचं तोंड दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटा. जीभ खाली.
७) तोंडानं हळू श्वास ओढायला सुरुवात करा, लगेच पंप एकदाच दाबा, आणि तीन ते पाच सेकंद ओढतच राहा.
८) पंप बाजूला काढून तोंड मिटा, दहा सेकंद श्वास रोखा. नाहीच जमलं तर जमेल तेवढा.
९) हळू सोडा. दुसरा फवारा लिहिला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा हलवा आणि पुन्हा घ्या. एका श्वासात दोनदा दाबायचं नाही.

इथं अडतं ते सातव्या पायरीवर. पुरुष विडीसारखं ओढतात, म्हणजे आधी गालात आणि मग आत. औषध गालालाच चिकटतं. त्यांना मी सांगते, "गाल आत गेले नाही पाहिजेत, छाती वर आली पाहिजे," आणि आरसा हातात देते. फवारा मारल्यावर नाकातून किंवा ओठांच्या कडेनं पांढरं धुकं बाहेर आलं, तर तेही त्यांना आरशात दिसतं. आपण शंभरदा सांगण्यापेक्षा त्यांनी एकदा बघितलेलं बरं. चुलीपुढं जन्म गेलेल्या आयांना फुंकणीची खूण पटते. "फुंकणीनं कसं लांबलचक फुंकता? तेवढंच लांबलचक, पण उलटं, आत घ्यायचं."

दहा सेकंद किती असतात हे कुणालाच कळत नाही. "दहापर्यंत मोजा" म्हटलं की लोक तीन सेकंदांत दहा मोजतात. वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, पायी जाणाऱ्या एका आजोबांना मी म्हटलं, "मनातल्या मनात चार वेळा, सावकाश, जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणा." घड्याळ लावलं, तर बरोबर दहा सेकंद भरले. तेव्हापासून माझ्या टेबलावर हेच माप चालतं. ज्याचा जो देव असेल त्याचं नाव घेऊ द्या, फक्त एकदा घड्याळ लावून वेळ तपासून घ्या.

पंपात किती औषध उरलंय, हा पुढचा सापळा. औषध संपल्यावरही पंपातून फुस्स आवाज येतच राहतो, त्यात नुसता वायू असतो. मागं आकडा दाखवणारी चकती असेल तर ती कशी वाचायची ते दाखवा. नसेल तर हिशेब करून द्या. १२० फवाऱ्यांचा पंप आणि रोजचे दोन-दोन मिळून चार फवारे, म्हणजे ३० दिवस. पंप उघडला त्या दिवसाची आणि संपण्याची तारीख मार्करनं प्लास्टिकच्या बाहेरच्या भागावर लिहा. आतली डबी पाण्यात तरंगते का बुडते यावरून काही कळत नाही. तो प्रयोग बंद करायला सांगा.

६. स्पेसर

साठीच्या पुढच्या माणसाला पंप असेल, तर स्पेसरबद्दल डॉक्टरांना मी स्वतःहून विचारते. फवारा आधी या नळकांड्यात जातो आणि तिथून आरामात ओढता येतो. वेळेचा मेळ थोडा चुकला तरी चालतं, आणि घशात बसणारं औषधही कमी होतं.

पंप हलवून मागच्या बाजूला बसवा. श्वास सोडा, ओठ मिटा, एकच फवारा मारा आणि लगेच एक लांब, हळू श्वास ओढून दहा सेकंद रोखा. रोखणं जमत नसेल, तर तोंड न काढता नेहमीसारखे चार-पाच श्वास त्यातूनच घ्या. दोन फवारे एकदम मारून ठेवू नका. काही स्पेसरला शिट्टी असते. ती वाजली की तुम्ही जोरात ओढताय. रुग्णांना ती वाजली की औषध बरोबर गेलं असं वाटतं, ते दुरुस्त करा.

स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळू द्यायचा. फडक्यानं पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. स्वच्छतेची हौस असलेल्या घरांत पदरानं घासून लख्ख केलेला स्पेसर हमखास दिसतो.

गावात स्पेसर मिळेना आणि धाप लागली, अशी वेळ येते. केपटाउनमध्ये दम्याच्या मुलांवर झालेला एक अभ्यास १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंपाच्या मापाचं भोक पाडून, फट बुजवून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडला. आशाताईंनी ही युक्ती अडीनडीसाठी लक्षात ठेवावी. रोजच्यासाठी विकतचाच घ्यावा.

७. कॅप्सूलचं यंत्र: जोरात ओढायचं

इथं सगळं उलटं आहे. पंप हळू ओढायचा, पावडर जोरात. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत ते हमखास घोळ घालतात. म्हणून दोन्ही यंत्रं एकाच दिवशी शिकवायची वेळ आली, तर मी आधी रोज लागणारं शिकवते, चहाला पाठवते आणि मग दुसरं घेते.

१) हात कोरडे करा. कॅप्सूल ऐनवेळीच डबीतून किंवा पाकिटातून काढा.
२) रोटाहेलर असेल तर कॅप्सूलचं पारदर्शक टोक खाली करून मागच्या चौकोनी भोकात वरपर्यंत दाबून बसवा. मग यंत्राचा खालचा भाग पूर्ण फिरवा, म्हणजे कॅप्सूल आत उघडते. रिव्होलायझर असेल तर झाकण उघडून कॅप्सूल आत ठेवा आणि खट्ट आवाज येईपर्यंत बंद करा. त्यानं कॅप्सूलला भोकं पडतात.
३) तोंड बाजूला करून श्वास सोडा. यंत्रात कधीच फुंकू नका. पावडर उडते आणि तोंडातली वाफ आत जाऊन उरलेली चिकटून बसते.
४) ओठ मिटून एकदम, जोरात आणि खोल ओढा. शहाळ्याचं शेवटचं पाणी स्ट्रॉनं ओढतात तसं, पण गालात नाही, छातीत.
५) दहा सेकंद रोखा.
६) यंत्र उघडून बघा. पावडर उरली असेल तर त्याच कॅप्सूलमधून परत ओढा.
७) रिकामं कवच काढून टाका. नाहीतर पुढच्या वेळी तेच ओढलं जातं.

"कॅप्सूल गिळायची नाही" हे वाक्य मी तीनदा म्हणते: एकदा रुग्णाला, एकदा घरच्याला, एकदा निघताना. आणि "गोळी" हा शब्द मी या टेबलावर वापरत नाही. मी "पावडर" म्हणते.

मेडिकलमध्ये काम करणाऱ्यांना विनंती आहे. चिठ्ठीतलं औषध संपलं म्हणून दुसऱ्या कंपनीचं दिलंत, तर कॅप्सूल त्या यंत्रात बसते का आणि वापरायची रीत तीच आहे का, हे बघूनच द्या. जनऔषधी केंद्रातही इनहेलर स्वस्त मिळतात, आणि रोज औषध लागणाऱ्या घराला तो मोठा आधार असतो. पण यंत्र बदललं की शिकवणी पहिल्यापासून करावी लागते.

८. आता रुग्णाला गुरुजी करा

"समजलं का?" असं विचारू नका. उत्तर कायम "होय" असतं. कोल्हापूरचा माणूस समोरच्याला वाईट वाटू नये म्हणूनही होय म्हणतो. त्याऐवजी म्हणा, "मी काही विसरले का, बघा. आता मला तुम्ही शिकवा." मग त्यानं बोलत बोलत करून दाखवायचं. एक चूक दिसली की ती एकच दुरुस्त करा आणि पुन्हा करून घ्या. पाच चुका एकदम सांगितल्या तर पाचही तशाच राहतात. दम लागला तर थांबा, पाणी द्या.

मग घरच्या माणसाकडून तेच करून घ्या. मोबाईल असेल तर रुग्ण स्वतः बरोबर घेतानाचा व्हिडिओ त्याच्याच फोनवर काढून द्या. अनोळखी माणसाच्या व्हिडिओपेक्षा स्वतःचा चेहरा बघून जास्त आठवतं.

९. घरी गेल्यावर

वेळ घड्याळावर बांधू नका, कामावर बांधा. आपल्याकडे घरटी एखादी म्हैस असते. पहाटेची धार आणि संध्याकाळची धार यांत जवळजवळ बारा तासांचं अंतर पडतं. "धारेला बसायच्या आधी पंप, मग चूळ" हे एकदा बसलं की डोस चुकत नाही. दिवसातून एकदाच घ्यायचं औषध असेल, तर सकाळचीच वेळ धरा.

चूळ आणि गुळण्या का, तर रोजच्या औषधात स्टेरॉइड असेल तर ते तोंडात राहून पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. गुळणी करून पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. आधी पंप आणि नंतर दात घासणं, असा क्रम लावला की हे आपोआप होतं. टायोट्रोपियम, इप्राट्रोपियमसारखी श्वासनळ्या मोकळ्या करणारी औषधं डोळ्यात जाऊ देऊ नका. काचबिंदू असेल किंवा लघवी अडखळत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

पावसाळा हा आमच्या भागातला मोठा शत्रू. गगनबावडा, राधानगरीकडे चार महिने भिंती ओल धरतात आणि उघडी ठेवलेली कॅप्सूल मऊ पडते, पावडरीचा गोळा होतो. डबीचं झाकण घट्ट ठेवा, न्हाणीत किंवा मोरीजवळ ठेवू नका. कॅप्सूलचं यंत्र धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. पंपाची धातूची डबी काढून फक्त प्लास्टिकचा भाग धुवायचा. आत औषध भरूनच येणारी पावडरची यंत्रं पाण्यात घालायची नाहीत, कोरड्या फडक्यानं पुसायची. उन्हाळ्यात पंप मोटारसायकलच्या डिकीत किंवा चुलीच्या कोनाड्यात नको. रिकामा झाला तरी तो आगीत टाकायचा नाही, फुटतो.

विडी आणि चूल यांबद्दलही तिथंच बोला. आपल्याकडे विडीला कधी हात न लावलेल्या कितीतरी बायकांना चुलीच्या धुरानं सीओपीडी झालेली असते. त्यांना "तुम्ही ओढत होता का" असं विचारून अपमान करू नका. स्वयंपाक कशावर करता आणि पाणी कशावर तापवता, ते विचारा. गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्याचा बंब चिपाडावरच पेटतो, हे अनेक घरांत खरं आहे.

१०. घरच्यांना धोक्याच्या खुणा लिहून द्या

एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळी पडली, माणूस गुंगीत जातोय किंवा असंबद्ध बोलतोय, धापेचं औषध घेऊनही सुटका होत नाही: यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत बसवून ठेवायचं, आडवं करायचं नाही, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे धापेचा पंप स्पेसरमधून देत राहायचं. कफाचा रंग बदलला, कफ वाढला किंवा धापेचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

११. परत बोलवा

आज बरोबर घेतलेला रुग्ण महिन्याभरात श्वास रोखायचा विसरतो, तीन महिन्यांत पंप हलवायचं विसरतो. यात त्याचा दोष नाही. मी आठवड्यानं, मग महिन्यानं आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी बघते. दूरच्या गावच्या लोकांना बाजारासाठी कोल्हापुरात यायच्या दिवसाचीच तारीख देते, म्हणजे एसटीचं भाडं दोनदा पडत नाही. प्रत्येक भेटीत वहीत तीनच गोष्टी लिहिते: कोणतं यंत्र, कोणती पायरी चुकली, करून घेतल्यावर सुधारली का. दुसरी सिस्टर टेबलावर असली तरी तिला तिथून पुढं सुरू करता येतं. तीन भेटींनंतरही तीच पायरी चुकत असेल, तर रुग्णाला परत परत रागवू नका. यंत्र बदलता येईल का, असं डॉक्टरांना विचारा.

चिठ्ठीवर पुढची तारीख घालाल, तेव्हा तिच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहा: "येताना पंप घेऊन येणे."